ट्यूडर दस्त आणि मेणाच्या मोहरा : एका वर्षाच्या संग्रहनोंदी

६ जानेवारी २०२४

इंग्लंडवर १४८५ ते १६०३ या काळात राज्य करणाऱ्या ट्यूडर घराण्यातील सातवा हेन्री, आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ या पाचही जणांच्या काळातील, त्यांच्या नावाचा उल्लेख असलेला निदान एकेक मूळ दस्त आणि जमल्यास त्याला लोंबणारी मेणाची मोहर मिळवायची, असे या वर्षाचे काम ठरवले आहे. नऊ दिवसांच्या जेन ग्रेचा विचार माझ्या ऐपतीच्या माणसाने करू नये. वर्षाची खर्चमर्यादा २,००० पौंड आहे. मी रेडिंगला राहते, त्यामुळे क्यू येथील नॅशनल अर्काइव्ह्ज या सरकारी दप्तरखान्याला एका दिवसात जाऊन परत येता येते, एवढीच काय ती अनुकूल गोष्ट. लॅटिन मी शिकलेले नाही आणि सोळाव्या शतकातील इंग्रजी हस्ताक्षर आज मला अजिबात वाचता येत नाही.

पहिला निर्णय पैशानेच घेतला. राजाची किंवा राणीची सही असलेले कागद माझ्या मर्यादेच्या कितीतरी पटीने महाग आहेत, तेव्हा त्यांच्या वाटेला जायचे नाही. शिवाय सही दिसली म्हणजे ती हातचीच असेल असेही नाही. आठव्या हेन्रीच्या अखेरच्या काळात, १५४५ पासून, त्याच्या सहीचा कोरडा शिक्का वापरात होता. तो कागदावर दाबून उमटलेल्या खोलगट रेषांत कारकून शाई भरत असे.

असे दस्त बाजारात येतात कोठून, हे आधी समजून घेतले. जमिनीवरची मालकी सिद्ध करण्यासाठी इंग्लंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची खरेदीखते सांभाळून ठेवावी लागत. १९२५ च्या मालमत्ता कायद्याने मागच्या ३० वर्षांचा पुरावा पुरेसा ठरवला आणि १९६९ मध्ये ही मुदत १५ वर्षांवर आली. वकिलांच्या तळघरांतील चर्मपत्रांचे गठ्ठे एकाएकी निरुपयोगी झाले. काही चर्मपत्रांच्या दिव्यांच्या शेड झाल्या, काही रद्दीत गेली आणि उरलेली आज लिलावांतून फिरतात.

२७ जानेवारी

पहिली खरेदी झाली. एका प्रादेशिक लिलावात ‘एलिझाबेथ राणीची सनद, राणीच्या मोहरेच्या मोठ्या तुकड्यासह’ असे वर्णन होते. छायाचित्रात सिंहासनावर बसलेली राणी स्पष्ट दिसत होती आणि पहिल्या ओळीच्या सुरुवातीला तळहाताएवढे नक्षीदार ‘ई’ होते. अंतिम बोली ३८० पौंड झाली. त्यावर २५ टक्के बायर्स प्रीमियम, म्हणजे लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते कमिशन, ९५ पौंड, त्या प्रीमियमवर २० टक्के व्हॅट म्हणजे १९ पौंड आणि टपालाचे १८ पौंड धरून एकूण ५१२ पौंड गेले. मनाशी ठरवलेली कमाल रक्कम ४०० होती, पण ती बोलीची धरायची की हिशोबाच्या शेवटच्या ओळीची, याचा विचार मी बोली लावून झाल्यावर केला. पुढच्या वेळी कमाल रकमेला १.३ ने भागून बोली ठरवायची.

३ फेब्रुवारी

पार्सल आले ते पुठ्ठ्याच्या नळीतून. मेणाची मोहर लोंबणारे, घड्या घातलेले चर्मपत्र गुंडाळून नळीत कोंबणे म्हणजे पापडांचा डबा उलटा करून हलवण्यासारखे आहे. मोहरेचे आधीच अपुरे असलेले वर्तुळ दुभंगले होते आणि तळाशी चमचाभर चुरा साचला होता. चुरा फेकला नाही. कागदाच्या पुडीत बांधून त्यावर तारीख घातली. लिलावगृहाला पत्र पाठवले तेव्हा ‘वस्तू आहे त्या स्थितीत विकली जाते’ या अटीकडे बोट दाखवण्यात आले. टपालाने कसे पाठवणार, हे बोलीपूर्वी लेखी विचारले नाही, ही चूक माझीच.

खरा धक्का मोहर उलटी केल्यावर बसला. राजाच्या महामुद्रेच्या, म्हणजे ज्याला ग्रेट सील म्हणतात त्या मुद्रेच्या, एका बाजूला सिंहासनावर बसलेला राजा आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला राजा असतो. एलिझाबेथच्या दोन्ही महामुद्रांवर राणी घोड्यावर आहे. माझ्या तुकड्याच्या पाठीमागे घोडा नाही. तेथे तीन लिली आणि तीन सिंह यांची चौकटी असलेली शाही ढाल आहे. घोड्याच्या जागी ढाल म्हणजे ही न्यायालयाची मोहर. दस्ताच्या शेवटच्या ओळीतील साक्षीदाराचे नाव त्या दिवशी मला कसेबसे वाचता आले, ते ‘जे. डायर’ असे निघाले. जेम्स डायर हे १५५९ ते १५८२ या काळात कॉमन प्लीज न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

तेव्हा हाती आलेला दस्त राणीने दिलेली सनद नाही. ही त्या न्यायालयातील ‘कॉमन रिकव्हरी’ या प्रकारच्या दाव्याची मोहरबंद नक्कल आहे. वारसांखेरीज कोणाला विकता येऊ नये अशा रीतीने बांधलेली जमीन मोकळी करण्यासाठी असा लुटुपुटीचा दावा लावत. कोणी हरायचे हे आधीच ठरलेले असे आणि जिंकणारा पुढच्या पिढ्यांसाठी निकालाची नक्कल पैसे मोजून घेत असे. न्यायालय राणीच्या नावाने चालत असल्यामुळे नक्कलही ‘एलिझाबेथ, देवाच्या कृपेने’ अशीच सुरू होते. लिलावातील वर्णन शब्दशः खोटे ठरवता येणार नाही, पण मी किंमत मोजली ती घोड्याची आणि मिळाली ढाल.

आता बोलीपूर्वी तीन गोष्टी पाहते. मोहरेच्या मागील बाजूचे छायाचित्र नसेल तर बोली लावत नाही. शेवटच्या ओळीत ‘टेस्टे’ या शब्दानंतर राणी स्वतः साक्षीदार आहे की न्यायाधीशाचे नाव आहे ते वाचते. महामुद्रेच्या सनदेत ‘टेस्टे मे इप्सा’, म्हणजे ‘मी स्वतः साक्षी’, असे शब्द येतात. आणि मोहर कशाने टांगली आहे, म्हणजे चर्मपत्राच्या पट्टीने की रेशमी गोफाने, ते बघते. नेहमीच्या व्यवहाराला पट्टी पुरे, कायमस्वरूपी देणग्यांना गोफ वापरलेला आढळतो.

२५ फेब्रुवारी

वाचनाला लागले. चौतीस ओळींना एकतीस तास लागले. पुण्यात असताना मोडीचा वर्ग केला होता, त्याचा येथे अनपेक्षित उपयोग झाला, पण अक्षरांसाठी नव्हे. लेखणी न उचलता लिहिणाऱ्या कारकुनाचा हात ओळखायचा असेल तर एकेक अक्षर न फोडता आधी साचेबंद शब्दसमूह पाठ करावेत, ही सवय मोडीनेच लावली होती. न्यायालयाच्या या लिपीत आय, एम, एन आणि यू ही सगळी अक्षरे सारख्याच उभ्या दांड्यांची असतात, त्यामुळे एका शब्दात सात दांड्या आल्या तर त्यांची फोड कशीही करता येते. त्यात निम्मे शब्द डोक्यावर आडवी रेघ देऊन तोडलेले. नॅशनल अर्काइव्ह्जचे जुन्या हस्ताक्षरांचे मोफत धडे आधी पूर्ण केले असते तर निदान दहा तास वाचले असते. मी ते अर्ध्यावर सोडून थेट दस्ताला भिडले होते.

सगळ्यांत महागडी चूक तारखेत झाली. दस्तात इसवी सन नसतो, राज्यवर्ष, म्हणजे राजा किंवा राणी गादीवर आल्यापासूनचे कितवे वर्ष ते असते. आपल्याकडील जुन्या कागदांवर जुलूस सन असतो त्यातलाच हा प्रकार. ‘राज्यवर्ष एकोणिसावे, २८ नोव्हेंबर’ असे वाचून मी १५५८ मध्ये १९ मिळवले आणि १५७७ लिहून मोकळी झाले. लिलावाच्या सूचीतही हेच साल होते, त्यामुळे शंका आली नाही. एलिझाबेथचे पहिले राज्यवर्ष १७ नोव्हेंबर १५५८ रोजी सुरू झाले, म्हणजे एकोणिसावे १७ नोव्हेंबर १५७६ रोजी सुरू होते. तेव्हा हा २८ नोव्हेंबर १५७६ चा आहे. न्यायालयाचे मायकलमस, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे, सत्र त्या तारखेलाच संपत असे, हेही जुळले. चुकीच्या सालाच्या नोंदवह्यांत मी दोन शनिवार घालवले होते.

येथे आणखी एक खड्डा आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत नवे वर्ष कायद्याने २५ मार्चला सुरू होई. ज्या कागदावर इसवी सन दिलेला आहे त्यावर १० फेब्रुवारी १५७९ असे असेल, तर आजच्या गणनेने ते १५८० धरावे लागते.

१६ मार्च

क्यूला जाऊन आले. वाचकपत्र मोफत मिळते. १५८३ पासून अशा रिकव्हऱ्यांच्या वेगळ्या गुंडाळ्या आहेत, त्या सीपी ४३ या मालिकेत. त्याआधीच्या रिकव्हऱ्या सीपी ४० या सर्वसाधारण दाव्यांच्या गुंडाळ्यांत मिसळलेल्या आहेत. सत्र ऑक्टोबरमध्ये अठराव्या वर्षात सुरू होऊन एकोणिसाव्यात संपले, म्हणून गुंडाळीवर दोन्ही वर्षे लिहिलेली असतात आणि फक्त एकोणीस शोधणाऱ्याला ती सापडत नाही. नकलेतच मूळ पानाचा क्रमांक दिलेला असतो, तो वाचता आला की काम मिनिटांचे. या गुंडाळ्यांची छायाचित्रे ह्यूस्टन विद्यापीठाच्या अँग्लो-अमेरिकन लीगल ट्रॅडिशन या संग्रहात घरबसल्या पाहता येतात. माझे पान तेथेच सापडले होते, पण समासातील शब्द अंधुक होता म्हणून मूळ पाहायचे ठरवले. डोक्याशी एकत्र शिवलेल्या, दोन्ही अंगांनी लिहिलेल्या शेकडो लांबलचक चर्मपत्रांचा तो भारा दोन्ही हातांनी उलटावा लागतो. नक्कल आणि मूळ यांत गावाच्या नावाचे एक अक्षर वेगळे निघाले.

बनावटीची माझी शंका या दिवशी फिटली. कोणत्याही दस्ताची दुसरी बाजू सरकारी दप्तरात असेल तर आधी ती गाठायची आणि मगच शाई-चामड्याच्या परीक्षांकडे वळायचे, असा क्रम ठरवला आहे. चामड्याबद्दल मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. न्यायालये मेंढीचे कातडे पसंत करत, कारण त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाडाखोड केली की लगेच दिसते. बाराव्या शतकातील खजिन्याच्या कारभाराविषयीच्या लॅटिन ग्रंथातही हेच कारण दिले आहे. मी माझ्या दस्तावर तिरपा उजेड टाकून पाहिला, खरडलेले कोठेही नाही.

१३ एप्रिल

आज एक खरेदी टाळली. आठव्या हेन्रीच्या काळातील एका जहागिरीच्या, म्हणजे मॅनरच्या, न्यायसभेची गुंडाळी एका विक्रेत्याकडे २६० पौंडांना होती. अक्षर सुरेख, शेतकऱ्यांची नावे, दंडाच्या रकमा, कुंपणे मोडल्याच्या तक्रारी; मन फार ओढले. पैसे भरण्यापूर्वी नियम वाचले हे बरे झाले. मॅनरच्या न्यायसभांचे कागद १९२० च्या दशकातील मालमत्ता कायद्यांनी मास्टर ऑफ द रोल्स या न्यायाधिकाऱ्याच्या देखरेखीखाली आणले आहेत. ते विकत घेता येतात, परंतु मालक बदलल्याचे कळवावे लागते, नीट जतन करणे बंधनकारक असते आणि परवानगीशिवाय ते इंग्लंड-वेल्सबाहेर नेता येत नाहीत. साध्या खरेदीखतांना हा नियम लागू नाही.

माझा संग्रह कधीतरी पुण्याला न्यायचा विचार असल्यामुळे निर्यातीचेही वाचले. पन्नास वर्षांहून जुन्या हस्तलिखितांना किंमत कितीही कमी असली तरी परवाना लागतो आणि तो आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडून मिळतो. दहा पौंडांच्या चिठोऱ्यालाही लागतो, हे बऱ्याच नव्या संग्राहकांना बॅग भरेपर्यंत ठाऊक नसते.

‘फाइन’ या जमीन-व्यवहाराच्या दस्ताविषयीही याच वेळी सावध झाले. एकाच चर्मपत्रावर मजकूर तीनदा लिहून नागमोडी कापत. वरचे दोन भाग पक्षकारांना मिळत आणि तळाचा न्यायालयात राही. नागमोडी कड फक्त वरच्या अंगाला असलेला भाग विक्रीला दिसला तर तो सरकारी दप्तरातून भरकटलेला असण्याचा संभव आहे. त्याला हात लावायचा नाही.

५ मे

मोहरेवर पांढरट साय आली होती. तेलाचा हात फिरवावा असा जुना सल्ला कोठेतरी वाचला आणि कोपऱ्यावर ऑलिव्ह तेलाचा एक थेंब बोटाने चोळला. साय गेली, पण तो कोपरा काळपट पडला आणि चार दिवसांत त्यावर धूळ चिकटून बसली. उरलेल्या भागाला हात लावला नाही. हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

त्या धक्क्यानंतर ठरवले की खऱ्या मोहरेवर प्रयोग करायचा नाही, आपली खोटी मोहर करून तिच्यावर करायचा. मधमाश्यांच्या मेणाचे दोन भाग आणि राळेचा एक भाग असे मिश्रण घेतले. मेण १२ पौंड, राळ ८ पौंड. महामुद्रेच्या ठशाला दोन पाळ्या असत आणि दोन्हींच्या मध्ये मेण व गोफ ठेवून ते दाबत. घरात दोन पाळ्यांचा एकच साचा होता, तो मोदकाचा. पहिल्यांदा मिश्रण वितळवून साच्यात ओतले. ते साच्याला घट्ट चिकटले, पृष्ठभागावर बारीक बुडबुड्यांच्या खाचा पडल्या आणि सुतळी एका बाजूला तरंगून आली. मोदकाचा साचा आणि एक पातेले कायमचे कामातून गेले; १५ पौंड त्यांचे धरावेत, घरातल्या बोलण्याचे वेगळे.

दुसऱ्यांदा मेण वितळवले नाही. कोमट पाण्यात कणकेसारखे मळून मऊ केले, दोन चपट्या चकत्या केल्या, मध्ये सुतळी ठेवली आणि ओल्या साच्यात दाबले. ठसा स्वच्छ उमटला, सुतळी मधोमध राहिली आणि कडेला दोन चकत्यांचा सांधा बारीक रेषेसारखा दिसला. चॅन्सरीत, म्हणजे महामुद्रा लावणाऱ्या कचेरीत, केवळ मेण तयार करण्यासाठी ‘चॅफ-वॅक्स’ नावाचा अधिकारी का होता, ते हात पोळल्यावर कळले. मग माझ्या खऱ्या तुकड्याची तुटलेली कड भिंगाखाली पाहिली, तर तोच सांधा, तीच रेषा. मोहर ज्या जागी दुभंगली ती जागाही पट्टीच्या बाजूची, म्हणजे जेथे मेण सर्वांत पातळ असते तेथलीच होती.

खोट्या मोहरांपैकी एक फ्रीझरमध्ये ठेवून हातभर उंचीवरून टाकली, तिचे पाच तुकडे झाले. दुसरी खिडकीतल्या उन्हात मऊ कागदात गुंडाळून ठेवली, तिच्यावर कागदाची वीण उमटली. खरी मोहर आता घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीपासून दूर, कागदाचा स्पर्श न होईल अशी ठेवली आहे.

२२ जून

मेरी राणी आणि तिचा स्पॅनिश पती फिलिप यांच्या संयुक्त राज्यकाळातील खासगी खरेदीखत एका विक्रेत्याकडून १६५ पौंडांना घेतले. त्यावर राजमुद्रा नाही, विकणाऱ्याची नखाएवढी तांबडी मोहर आहे. नियम सैल केल्यासारखे वाटेल, पण सुरुवातीच्या अडीच ओळी दोघांच्या बिरुदांनीच भरलेल्या आहेत आणि त्या बिरुदांनीच या दस्ताची तारीख सोडवली.

विक्रेत्याने १५५६ लिहिले होते. दस्तात ‘दुसरे आणि तिसरे राज्यवर्ष, ऑक्टोबर’ असे आहे. मेरीचे वर्ष ६ जुलैपासून आणि फिलिपचे लग्नाच्या दिवसापासून, २५ जुलै १५५४ पासून, मोजले जाई. ‘दुसरे व तिसरे’ हे जोडवर्ष २५ जुलै १५५५ ते ५ जुलै १५५६ असे येते, म्हणजे ऑक्टोबर १५५५ चाच. (दोन तारखांच्या मधल्या एकोणीस दिवसांत ‘पहिले आणि तिसरे’ असे विचित्र वर्षही येते. तसा दस्त दिसला तर मर्यादा मोडायला मी तयार आहे.) बिरुदांत ‘इंग्लंड, फ्रान्स, नेपल्स, जेरुसलेम व आयर्लंड’ यांचे राजा-राणी आणि ‘स्पेनचे प्रिन्स’ असे आहे. जानेवारी १५५६ मध्ये फिलिप स्वतः स्पेनचा राजा झाल्यावर बिरुदावली बदलली. विक्रेत्याला कळवले, त्याने आपली चिठ्ठी सुधारली.

तांबडा रंग पाहून मी ही लाखेची मोहर समजले होते. लाख हिंदुस्थानातून पोर्तुगीजांच्या व्यापाराने युरोपात गेली आणि त्या शतकाच्या उत्तरार्धात तिकडच्या पत्रांवर दिसू लागली. आपल्या ‘लाखोटा’ शब्दातली लाख तीच. परंतु लाख काचेसारखी चकचकीत तुटते, आणि या मोहरेची तुटलेली कड मंद, साबणासारखी आहे. हे हिंगूळ घालून रंगवलेले मधमाशीचे मेण आहे.

११ ऑगस्ट

९० पौंड पाण्यात गेले. ‘एलिझाबेथची महामुद्रा, मूळ मेण, लाकडी डबीत’ अशी वस्तू ऑनलाइन घेतली. चित्रकार निकोलस हिलियर्डने आरेखित केलेली ही दुसरी महामुद्रा १५८६ पासून वापरात होती. ढगांतून निघालेल्या हातांनी राणीचा झगा उचलून धरला आहे, हे छायाचित्रात इतके स्पष्ट होते की घाई केली. मोहर हातात घेतल्यावर थंड आणि जड लागली. गोफ जाण्यासाठी भोक नाही, कडेला चकत्यांचा सांधा नाही, आणि भिंगाखाली झग्याच्या चुण्यांत मोदकाच्या साच्यात पाहिल्या होत्या तशाच बुडबुड्यांच्या खाचा. कडेचा एक टवका उडाला होता, तेथून पांढरे प्लास्टर दिसत होते. एकोणिसाव्या शतकात अशा प्रतिकृती अभ्यासासाठी ढीगभर काढल्या गेल्या. त्यांवर तपकिरी रंग चढवला की विकणाऱ्याचे काम झाले. परतीची मुदत चौदा दिवसांची होती आणि मी सोळाव्या दिवशी भिंग घेऊन बसले.

ती प्रतिकृती टाकून दिली नाही. माझ्या न्यायालयीन मोहरेशेजारी ठेवली की घोडा आणि ढाल यांतला फरक पाहुण्यांनाही एका नजरेत कळतो.

५ ऑक्टोबर

आठवा हेन्री मिळाला. लिलावातील बोली ४६०, प्रीमियम ११५, त्यावरील व्हॅट २३, एकूण ५९८ पौंड; या वेळी स्वतः जाऊन आणला. ही खरी सनद आहे: राजाकडून थेट धारण केलेली जमीन दुसऱ्याला विकण्याचा परवाना, महामुद्रेखाली दिलेला. आणि महामुद्राच नाही. तळाच्या दुमडीतील दोन चिरा आणि त्यांत अडकलेला पट्टीचा बोटभर तुकडा तेवढा उरला आहे. त्यामुळे माझ्याकडे आता मोहर आहे ती महामुद्रा नाही आणि महामुद्रेचा दस्त आहे त्याला मोहर नाही.

पडताळणी मात्र या वेळी चाळीस मिनिटांत झाली. तारीख बत्तिसाव्या राज्यवर्षातील नोव्हेंबरची, म्हणजे १५४० ची. बिरुदांत ‘इंग्लिश चर्चचा पृथ्वीवरील सर्वोच्च प्रमुख’ आहे, जे १५३५ पासून येते, आणि ‘आयर्लंडचा स्वामी’ आहे; ‘आयर्लंडचा राजा’ हे बिरुद १५४१ नंतरचे, म्हणून ते येथे दिसले असते तरच संशय आला असता. आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीतील कागदपत्रांची छापील सूची महिन्यागणिक देणग्या आणि परवाने देते. नोव्हेंबर १५४० खाली माझा परवाना नावानिशी सापडला, सोबत सी ६६ या सनदांच्या गुंडाळीचा संदर्भही.

२३ नोव्हेंबर

फुटलेली मोहर सहा आठवडे एका संवर्धकाकडे होती. त्यांनी मेण आणि राळेच्याच मिश्रणाने दोन तुकडे सांधले, हवे तेव्हा सुटू शकेल असे. १४० पौंड घेतले. फेब्रुवारीत जपलेल्या पुडीतले दोन कण जागी बसले. तेलाचा डाग निघणार नाही आणि तो काढण्याच्या भरीस पडू नये, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पांढरी साय तशीच ठेवली आहे.

चर्मपत्राच्या घड्या मी उन्हाळ्यात जाड पुस्तकांखाली आठवडाभर दाबून पाहिल्या होत्या. पुस्तके काढल्यावर तासाभरात पुन्हा वळल्या. त्या घड्या संवर्धकांनी दमट हवेत सावकाश सैल केल्या. इस्त्री, हेअर ड्रायर किंवा पाण्याचा फवारा यांचा विचारही करू नये, कारण उष्णतेने चामडे आक्रसते आणि त्यानंतर उपाय नसतो. आता दस्त आम्लमुक्त पेटीत सपाट आहे, मोहर फोमच्या कापलेल्या खाचेत बसते, त्यामुळे तिचे वजन पट्टीवर येत नाही. पेट्या, फोम आणि आर्द्रतामापक मिळून ८६ पौंड झाले. मापक ४८ ते ५५ टक्क्यांदरम्यान फिरतो आहे.

२९ डिसेंबर

वर्षाचा हिशोब. एलिझाबेथची नक्कल ५१२, फिलिप-मेरी १६५, प्लास्टर ९०, आठवा हेन्री ५९८, संवर्धक १४०, पेट्या वगैरे ८६, मेणाचे प्रयोग साच्यासह ३५, क्यूच्या चार फेऱ्या ७४. एकूण १,७०० पौंड. त्यांपैकी प्लास्टर, पातेले आणि पहिल्या दस्ताची घोड्यापायी जास्त दिलेली किंमत मिळून पाव हिस्सा तरी शिकवणीत गेला. तासांची वही पाहिली तर वाचन आणि पडताळणीला १४० तास लागले आहेत, खरेदीला जेमतेम वीस.

पाचांपैकी तीन झाले. सातव्या हेन्रीचे जे दिसले ते परवडले नाही. सहावा एडवर्ड साडेसहा वर्षेच राजा होता, त्याचे दस्त मुळातच थोडे आहेत.

१२ जानेवारी २०२५

फेब्रुवारीतील एका लिलावाच्या सूचीत एडवर्डच्या चौथ्या राज्यवर्षातील, मार्च महिन्यातील एक दस्त आहे. सूचीत १५५१ छापले आहे. चौथे राज्यवर्ष २८ जानेवारी १५५० पासून २७ जानेवारी १५५१ पर्यंत जाते, म्हणजे मार्च १५५० चाच असणार. उरलेल्या ३०० पौंडांना १.३ ने भागून २३० ही कमाल बोली ठरवली आहे. मोहरेच्या मागील बाजूचे आणि शेवटच्या ओळीचे छायाचित्र मागवले आहे, आणि वस्तू मिळालीच तर स्वतः येऊन नेईन, नळीत घालू नये, असे त्याच पत्रात लिहिले आहे.